बारा महिन्यांचा हिशेब

आमच्या घराच्या तळघरातल्या खोलीत सध्या एक सव्वीस वर्षांची मुलगी राहते. माझ्या एका जुन्या मित्राची ती नात. भाडे आम्ही घेत नाही, म्हणून ती दर रविवारी हट्टाने आमच्या पोळ्या करते. तिच्या भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले आहे. त्यावर दर शनिवारी ती निळ्या पेनाने एक आकडा लिहिते. ३०, ६०, ९०, १२०... मार्चमध्ये मी सहज विचारले, "हे काय गं? भिशी लावली आहेस का?" ती हसली नाही. म्हणाली, "आजोबा, हे तास आहेत. पंधराशे साठ झाले की मला पीआरसाठी नाव देता येईल."

आठवड्याचे ३० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे, म्हणून १५६०. कॅनडात शिकून इथेच कायम राहू इच्छिणाऱ्या बहुतेक मुलांच्या आयुष्याचा आज हा मंत्र आहे. गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्षाचे, पगारी आणि सरकारी यादीप्रमाणे 'कुशल' ठरणारे काम. आठवड्याला पन्नास तास राबलात तरी मोजायचे तीसच, म्हणजे वर्ष लवकर संपत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेले काम यात धरत नाहीत. स्वतःचा धंदा केलात तर तोही नाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ते आकडे पाहिल्यावर साहजिकच प्रश्न पडला की हे बारा महिने आले कुठून. माझ्याकडे कोणी एक तासही मागितला नव्हता.

आधी विचारत, तुम्ही कुठले?

इथेच जन्मलेल्या वाचकांसाठी थोडे मागे जातो. १९०८ साली कॅनडा सरकारने एक हुकूम काढला. जन्मलेल्या किंवा नागरिकत्व असलेल्या देशातून निघून, एकाच सलग प्रवासाने येणाऱ्यालाच इथे उतरू द्यायचे. हुकमात हिंदुस्थानचे नाव कुठेही नव्हते. पण हिंदुस्थानातून सलग येणारी बोट व्यवहारात मिळतच नव्हती, तेव्हा नाव घेण्याची गरजही नव्हती. मे १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' ही बोट ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली. दोन महिने ती पाण्यातच उभी राहिली. मोजके लोक सोडले तर कोणाला पाय ठेवू दिला नाही आणि बोट परत पाठवली.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, भारतासाठी कोटा ठरला तो वर्षाला १५० माणसांचा. आज टोरांटोला येणाऱ्या एका विमानात याहून जास्त माणसे बसतात. १९५७ मध्ये तो ३०० झाला. १९६२ मध्ये मंत्री एलेन फेअरक्लफ यांनी नवे नियम आणले आणि वंश किंवा देश पाहून माणूस निवडण्याची पद्धत मुख्यतः संपली. यापुढे शिक्षण आणि कौशल्य पाहायचे असे ठरले. पण ते पाहायचे कसे, हे बरेचसे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

शंभरपैकी पन्नास

मर्जीला लगाम घातला तो १ ऑक्टोबर १९६७ पासून लागू झालेल्या गुणपद्धतीने. एकूण १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ५०. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाला एक याप्रमाणे जास्तीत जास्त २०. तुमच्या व्यवसायाला इथे मागणी असेल तर १५ पर्यंत. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात १५. कसबाचे १०, वयाचे १०, इंग्रजी आणि फ्रेंचचे मिळून १०, नोकरी आधीच ठरलेली असेल तर १०, नातेवाईक असल्यास ५, आणि जिथे जाणार तिथे कामाची संधी असेल तर ५.

या यादीत एक गोष्ट नाही, ती पाहा. कामाच्या अनुभवाचा वेगळा रकाना त्यात नाही. पंचविशीतला, नुकताच पदवी घेतलेला तरुण त्या काळच्या सरकारला पुरेसा वाटत होता.

त्याच नियमांत आणखी एक दार होते. पाहुणा किंवा विद्यार्थी म्हणून आलेल्या माणसाला देश न सोडता इथूनच 'लँडेड इमिग्रंट' होण्यासाठी अर्ज करता येत असे. मी सप्टेंबर १९७१ मध्ये पुण्याहून एम.ए. करून पीएच.डी.साठी ऑन्टॅरिओत आलो. माझ्याबरोबर एकाच खोलीत राहणारा मित्र इंजिनिअरिंगचा, सांगलीकडचा. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हां दोघांना सांगितले, "अर्ज करून टाका रे, दार उघडे आहे तोवर." मी केला. वय २३, म्हणजे दहापैकी दहा. शाळा-कॉलेजची वर्षे बोटांवर मोजून सांगितली. फ्रेंच येत नव्हते, इंग्रजीचे गुण मिळाले. अधिकाऱ्याने विचारले की थंडी सोसते का. मी म्हटले, सवय करतो आहे. एवढीच माझी परीक्षा.

मित्र म्हणाला, "अरे, थिसिसचा धडा पुरा होऊ दे. नाताळच्या सुट्टीत करू."

३ नोव्हेंबर १९७२, शुक्रवार. सरकारने जाहीर केले की देशात येऊन अर्ज करण्याची सोय त्याच दिवसापासून बंद. पाहुणे म्हणून येऊन अर्ज करणाऱ्यांची आणि नकारानंतर अपील करणाऱ्यांची रांग फार वाढली होती, हे कारण होते. पुढच्या १ जानेवारीपासून परदेशी माणसाला तात्पुरते काम करायचे असेल तर आधी परवाना घ्यावा लागेल, असाही नियम आला. म्हणजे 'कायमचा' आणि 'तात्पुरता' असे दोन वेगळे रस्ते पहिल्यांदा स्पष्ट झाले. आजच्या वर्क परमिटची मुळे तिथे आहेत.

मित्राने पदवी घेतली आणि १९७३ च्या वसंतात तो परत गेला. त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या साठ दिवसांत सरकारने अडकलेल्या लोकांसाठी खास मोहीम काढली. त्यात सुमारे ३९,००० लोकांना कायमचे राहता आले. मी तातडीने हवाई पत्र टाकले. पण अट अशी की माणूस नोव्हेंबर १९७२ अखेरीस इथे असला पाहिजे आणि तेव्हापासून इथेच राहिलेला पाहिजे. तो तर सांगलीत होता. पुढे तो वारणेकाठच्या एका साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर झाला, नाव कमावले, सुखाने जगला. त्याने कधी तक्रार केली नाही. पण आमच्या दोघांत हुशारीचा किंवा कष्टाचा फरक होता असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. फरक सहा-सात आठवड्यांचा होता.

अनुभवाला आठ गुण

अनुभवाचा रकाना गुणपत्रिकेत आला तो १९७८ मध्ये. १९७६ चा नवा कायदा त्या वर्षी लागू झाला आणि शिक्षणाचे गुण २० वरून १२ वर आले. अनुभवाला मिळाले ८. सत्तरच्या दशकात बेकारी वाढली होती. शिकलेला माणूस पुरे नाही, काम केलेला माणूस हवा, हा विचार तिथे सुरू झाला.

२००२ च्या कायद्यात तो आणखी पुढे गेला. आता १०० पैकी २१ गुण अनुभवाचे, तेही चार वर्षे काम केलेले असेल तर. उत्तीर्ण होण्याची पातळी आधी ७५, मग २००३ मध्ये ६७. पण हा अनुभव जगात कुठेही मिळवलेला चालत असे. पुण्यात, मस्कतमध्ये, नैरोबीत. अर्ज तिथून करायचा आणि विमानातून उतरायचे ते थेट कायमचे रहिवासी म्हणून.

इथेच अडचण झाली. सरकारने ज्या अनुभवाला गुण दिले, तो अनुभव इथल्या मालकांना नको होता. नव्वदच्या दशकात आणि नंतर आलेले आपले किती डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक टॅक्सी चालवत होते, गोदामात खोकी उचलत होते, हे आपल्या मंडळातल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. मुलाखतीत एकच प्रश्न येई: कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का? नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. आधी लग्न की आधी वेड, अशी ती गत होती. शिवाय अर्जांचा ढीग इतका साचला की २०१२ मध्ये सरकारने, २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी कुशल कामगार म्हणून केलेले पण निकाल न लागलेले अर्ज एका कायद्याने रद्दच केले. त्यात सुमारे २,८०,००० माणसे होती. काहींनी पाच-सहा वर्षे वाट पाहिलेली होती.

इथला अनुभव

या दोन्ही दुखण्यांवर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे १७ सप्टेंबर २००८ रोजी सुरू झालेला 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास'. मालक ज्याची मागणी करत होते, तोच अनुभव सरकारने पात्रतेची अट केला. इथे किमान दोन शैक्षणिक वर्षे शिकलेल्याला १२ महिन्यांचे कुशल काम पुरे, आणि नुसते वर्क परमिटवर आलेल्याला २४ महिने. २०१३ पासून दोघांनाही १२.

त्याच वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, जोडीचा दुसरा नियम आला होता. पूर्वी शिक्षणानंतर मिळणारा कामाचा परवाना एक वर्षाचा, मोठी तीन शहरे सोडून गेलात तर दोन वर्षांचा असे, आणि काम शिकलेल्या विषयातलेच लागे. आता तो तीन वर्षांपर्यंतचा झाला आणि कोणत्याही मालकाकडे काम करायची मुभा मिळाली. एक हात परवाना देतो, दुसरा हात अनुभव मोजतो. शिका, काम करा, राहा, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी.

खरे सांगायचे तर कल्पना वाईट नव्हती. इथे शिकलेला, इथली भाषा आणि थंडी ओळखणारा, नोकरी मिळवून दाखवलेला माणूस टॅक्सीत अडकण्याची शक्यता कमी. निवड कागदावर न होता प्रत्यक्ष कामावर व्हावी, यात चूक काय?

चूक कुठे होती ते हळूहळू कळले. १९७२ मध्ये मला गुण देणारा माणूस सरकारी अधिकारी होता आणि पंधरापैकी किती द्यायचे याला बंधन होते. २००८ नंतर खरी गुणपत्रिका मालकाच्या खिशात गेली. काम मिळेल की नाही, हुद्दा कोणता लिहायचा, पत्र द्यायचे की नाही, हे तो ठरवतो. आणि पत्रात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार सगळे नीट असावे लागते.

दुसरे म्हणजे, कुशल काम कोणते हे यादी ठरवते आणि यादी बदलते. मोठा ट्रक चालवणारा १६ नोव्हेंबर २०२२ पूर्वी या वर्गाच्या हिशेबात बसत नव्हता. त्या दिवशी नवी वर्गवारी आली आणि तोच माणूस, तेच स्टिअरिंग, तोच महामार्ग मोजणीत आला. किराणा दुकानातला कॅशियर आजही येत नाही.

तिसरे, शिडीच्या पायऱ्यांची मापे जुळत नाहीत. आठ महिन्यांचा कोर्स केला तर परवाना आठ महिन्यांचा. अनुभव हवा बारा महिन्यांचा. हा परवाना जन्मात एकदाच मिळतो. किती घरांनी हे साधे वजाबाकीचे गणित फी भरल्यानंतर केले!

चौथे, २०१५ मध्ये 'एक्सप्रेस एन्ट्री' आल्यापासून बारा महिने म्हणजे उत्तीर्ण होणे राहिलेच नाही. ते फक्त रांगेत उभे राहण्याचे तिकीट झाले. आता १२०० पैकी गुण, आणि वरून जितके हवे तितके उचलायचे. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, कोविडच्या काळात, या वर्गात एकाच दिवशी २७,३३२ जणांना बोलावले आणि ७५ गुण पुरले. २०२४ मध्ये त्याच वर्गाला ५०० च्या वर गुण लागले. सव्वीस वर्षांची, उत्तम इंग्रजीची, एक वर्ष काम केलेली मुलगीसुद्धा तिथे सहज पोचत नाही. त्या कोविडच्या वर्षी मे महिन्यात पदवीधरांसाठी ४०,००० जागांची खास सोय निघाली आणि जेमतेम एका दिवसात भरली. १९७३ च्या साठ दिवसांची मला तेव्हा आठवण झाली. दार तेव्हाही असेच अचानक उघडले आणि मिटले होते.

२०२४ पासून वारे पुन्हा फिरले आहे. जानेवारीत विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. १ नोव्हेंबरपासून शिक्षणानंतरच्या परवान्याला भाषेची परीक्षा लागली, आणि कॉलेजच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना विषयाची अटही. घरे महाग झाली, रोष वाढला, त्याचा भार सर्वांत आधी तात्पुरत्या माणसांवर पडला. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या पत्राचे वेगळे गुणही काढून टाकले, कारण तशी पत्रे पैसे घेऊन विकली जात होती. विकणारे कोण होते? लाज वाटते, पण काही आपल्याच देशातून आलेले होते.

तळघरातले महिने

मित्राची नात २०२२ मध्ये आली. एकापाठोपाठ एक दोन सर्टिफिकेट कोर्स केले, तीन वर्षांचा परवाना मिळाला. पहिले सात महिने गोदामात काम केले, ते मोजणीत शून्य. मग एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात लागली. ते काम यादीत बसत होते. कालनिर्णयावरचे आकडे तिथून सुरू झाले. नऊ महिने भरले आणि या ऑगस्टमध्ये कंपनी बंद पडली. मालक फोन उचलेना. अनुभवाचे पत्र नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. सौ. खाली जाऊन तिच्याजवळ बसली. ती म्हणत होती, "आजी, मी काम केलं. रोज केलं. पण ते झालंच नाही असं होईल." या एका वाक्यात मला सगळा इतिहास दिसला. काम करणे वेगळे आणि ते मोजले जाणे वेगळे.

आम्ही मग टेबलावर कागद मांडले. सुदैवाने तिने पगाराची प्रत्येक स्लिप जपली होती. बँकेचे उतारे होते, टी-फोर होता, कामावर रुजू होतानाचा करार होता. जिच्या हाताखाली ती काम करत होती त्या बाईंना शोधून काढले. त्यांनी काय काय काम ती करत असे ते सविस्तर लिहून सही केली. वकिलांच्या मते यावर काम भागावे. सप्टेंबरात तिला दुसरीकडे तशीच नोकरी मिळाली आणि निळे आकडे पुन्हा सुरू झाले. वर्ष भरेल तेव्हा तिचे गुण होतील ४६७. म्हणून ती रात्री नऊ ते साडेदहा फ्रेंच शिकते. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांची निवड वेगळी होते आणि तिथे गुण कमी लागतात. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही.

आपला हिशेब

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी आमच्या वयाचे लोक म्हणतात, "आम्ही आठ डॉलर घेऊन आलो, कष्टाने उभे राहिलो. या मुलांना सगळं आयतं हवं." मीही पूर्वी असे बोललो आहे. आता बोलवत नाही. कष्ट आम्ही केले हे खरे. पण दार आमच्यासाठी आधीच उघडलेले होते. पाय रोवले आणि मग कष्ट केले. या मुलांना कष्ट आधी करायचे आहेत आणि पाय रोवायला मिळतील की नाही ते नंतर कळणार. महाविद्यालयांना त्यांची फी हवी, मालकांना त्यांचे हात हवेत, आणि हिशेब जुळला नाही तर दोघांवरही जबाबदारी नाही.

सरकारचे धोरण आपण मंडळात बसून बदलू शकणार नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची दुकाने, दवाखाने, ऑफिसे, उपाहारगृहे आहेत. त्यांना मी वडीलकीच्या नात्याने तीन गोष्टी सांगतो. मुलगा किंवा मुलगी काम सोडून जाताना मागण्याआधी पत्र द्या, हुद्दा आणि तास खरे लिहा. त्या पत्रासाठी एक डॉलर घेऊ नका आणि पगारातून कापूही नका. आणि भारतातून आलेला अर्ज 'इथला अनुभव नाही' म्हणून बाजूला सारू नका. ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच या मागणीला भेदभाव ठरवले आहे. आता कायद्याने, १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत तशी अट घालता येणार नाही. कायद्याची वाट कशाला पाहायची? आपल्या दुकानात पंचवीस माणसे नसली तरी आपल्याला ती अट नको.

आणि मुलांनो, तुम्ही प्रत्येक स्लिप जपा. कोर्स घेण्याआधी परवाना किती महिन्यांचा मिळेल ते विचारा. अर्जात खोटे काही लिहू नका. एकदा खोटे सापडले की पाच वर्षे दार बंद होते.

गेल्या आठवड्यात मित्राचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. वय शहात्तर, ऐकू कमी येते. नातीने कॅमेरा भिंतीकडे वळवून त्याला कालनिर्णय दाखवले. त्याने आकडे पाहिले, काही वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "तिला सांग, थिसिसचा धडा पुरा व्हायची वाट बघू नकोस म्हणावं."

तिला काही कळले नाही. मी सांगितले, तेव्हा तिने चष्मा पुसला आणि फ्रेंचचे पुस्तक उघडले. नऊ वाजले होते.